पवनचक्की स्वतःवर खर्च झालेली ऊर्जा फेडते का? फेडते, आणि त्याचा हिशोब असा

प्रश्न असा आहे की एक मेसेज सगळीकडे फिरतोय, त्यात म्हटलंय की पवनचक्की बनवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ती मोडून पडेपर्यंत फिरली तरी परत देत नाही. आणि विचारणाऱ्यांनी पुढे हेही विचारलंय की पोलाद, सिमेंट, पात्यांचा कचरा, वारा पडला की चालवावी लागणारी कोळशाची केंद्रं हे सगळं धरलं तर शेवटी पर्यावरणाच्या पदरात काही पडतं का, आणि छपरावर छोटी चक्की लावली तर ती तरी फायद्यात जाते का.

मी या क्षेत्रात बरीच वर्षं काम करते, आधी साइटवर उभारणीत होते आणि नंतर अशाच हिशोबांत, म्हणजे खाणीतून खनिज निघतं तिथपासून चक्की उतरवून भंगारात जाईपर्यंत किती ऊर्जा आणि किती कार्बन लागला ते मोजण्यात. थोडक्यात उत्तर हवं असेल तर जमिनीवरची बऱ्या वाऱ्याच्या जागेतली मोठी चक्की स्वतःवर खर्च झालेली ऊर्जा साधारण सहा महिने ते एक वर्षात फेडते आणि मग पुढची वीसेक वर्षं निव्वळ कमाई. पण ही "बऱ्या वाऱ्याची जागा" म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय ते उत्तर अर्धंच राहतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी त्या मेसेजबद्दल. तो मजकूर २००९ साली कॅनडात आलेल्या एका निबंधसंग्रहातला आहे. त्यात लेखकानं लिहिलंय की दोन मेगावॅटच्या चक्कीला २६० टन पोलाद लागतं, त्यासाठी ३०० टन लोहखनिज आणि १७० टन कोकिंग कोळसा (पोलाद बनवायला लागतो तो), आणि हे सगळं खणून, वाहून आणून, वितळवून करायचं तर प्रश्न असा येतो की ही ऊर्जा वसूल व्हायला किती दिवस लागतील. तिथेच पुढे त्यानं उत्तरही दिलंय, की चांगल्या जागी तीन वर्षं किंवा त्याहून कमी, आणि वाईट जागी कधीच नाही. मेसेज बनवणाऱ्यानं मधलं "चांगल्या जागी तीन वर्षं" काढून टाकलं आणि "कधीच नाही" तेवढं ठेवलं. मूळ लेखकाचा मुद्दा जागा नीट निवडा हा होता, आणि तो अगदी बरोबर होता.

आता त्या १७० टन कोळशाचंच बघू. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण हजार मेगावॅटचं कोळशाचं केंद्र पूर्ण क्षमतेनं चालत असेल तर चांगल्या प्रतीचा कोळसा तासाला ४०० टनांच्या आसपास जाळतं, म्हणजे हे १७० टन तिथे अर्ध्या तासाच्या आत संपतात. आणि ती दोन मेगावॅटची एक चक्की वर्षभरात जेवढी वीज देते तेवढी कोळशातून काढायची म्हटली तर दोन हजार टनांहून जास्त कोळसा लागतो, तोही दरवर्षी. पोलादाचा कोळसा एकदाच लागतो, विजेचा रोज लागतो, एवढा हा फरक आहे.

हिशोब स्वतः करून बघायचा असेल तर सोपा आहे. दोन मेगावॅटची चक्की घ्या आणि ती वर्षभरात क्षमतेच्या सरासरी ३० टक्के वीज देते असं धरा (या टक्केवारीला आम्ही सीयूएफ किंवा कपॅसिटी फॅक्टर म्हणतो). २ गुणिले ८७६० तास गुणिले ०.३ केलं की वर्षाला ५२५६ मेगावॅट-तास, म्हणजे साधारण साडेबावन्न लाख युनिट. हजार युनिट म्हणजे ३.६ गिगाज्यूल, त्यामुळे झाले जवळपास १८,९०० गिगाज्यूल. ही झाली जमेची बाजू.

खर्चाची बाजू बघू. टॉवर, नॅसेल (टॉवरच्या डोक्यावरची यंत्रांची पेटी), हब (पाती जोडतात तो मधला भाग) आणि फाउंडेशनमधल्या सळया मिळून पोलाद धरा २५० टन, टनाला २० ते २५ गिगाज्यूल लागतात, आपण वरचाच आकडा घेऊ, म्हणजे सव्वासहा हजार. काँक्रीट ४०० घनमीटर, म्हणजे हजार टनांच्या आसपास, त्याला टनामागे एक गिगाज्यूल धरा, हजार झाले. तीन पाती आणि नॅसेलचं कव्हर मिळून काचतंतू आणि इपॉक्सी राळेचं काम ३० टन, हे मटेरियल मात्र महाग पडतं, टनाला १०० गिगाज्यूलच्या घरात, म्हणजे तीन हजार. तांबं, ॲल्युमिनियम, ट्रान्सफॉर्मर, केबल, जहाज, ट्रेलर, क्रेन, रस्ता आणि आयुष्यभराची देखभाल यासाठी मी दोन हजार धरते. सगळं मिळून सव्वाबारा हजार. भागाकार केला की आठ महिन्यांच्या आत फेड होते.

यात मी चक्कीला थोडा अन्यायच केलाय, तो असा, की वरचे खर्चाचे आकडे बहुतेक उष्णतेचे आहेत, म्हणजे भट्टीत जाळलेला कोळसा, गॅस वगैरे, आणि चक्की देते ती थेट वीज. कोळशातून एक एकक वीज काढायला सुमारे पावणेतीन एकक उष्णता जाळावी लागते, कारण केंद्राची कार्यक्षमता ३५-३७ टक्के असते. त्यामुळे चक्कीची वीज "तेवढी वीज बनवायला किती कोळसा जाळावा लागला असता" अशी मोजली तर फेड तीन महिन्यांच्या आत येते. दोन्ही पद्धती अभ्यासांत वापरतात, म्हणून एकाच चक्कीबद्दल कुणी तीन महिने लिहितं, कुणी आठ, आणि वाचणाऱ्याला वाटतं की कुणीतरी खोटं बोलतंय. तसं नसतं, फक्त माप वेगळं असतं. मला स्वतःला आठ महिन्यांवालं माप आवडतं कारण त्यात कुणाला शंका काढायला जागा उरत नाही.

काँक्रीटचा आकडा कागदावर हजार गिगाज्यूल एवढाच दिसतो पण ज्यानं तो ओतताना बघितलाय त्याला तो विसरता येत नाही. फाउंडेशन एका दमात ओतावं लागतं, मध्ये थांबलात तर दोन थरांत सांधा राहतो आणि तिथूनच पुढे तडा जातो, म्हणून पहाटे सुरू केलेलं काम रात्री उशिरापर्यंत चालतं, मिक्सरच्या गाड्या एकामागून एक येत राहतात, मधोमध बोल्टांचा तो गोल पिंजरा आणि त्याभोवती सळयांचं इतकं दाट जाळं की व्हायब्रेटरची नळी आत घालायला जागा शोधावी लागते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्याही मनात हेच आलं होतं की एका चक्कीसाठी एवढं सगळं जमिनीत गाडायचं, हे कसं फिटणार. मला वाटतं मेसेज पुढे पाठवणाऱ्या बऱ्याच लोकांचं तेच होतं, ते सामान डोळ्यांना दिसतं आणि वीज दिसत नाही.

आता कार्बन. हा ऊर्जेपेक्षा वेगळा हिशोब आहे आणि लोक दोन्ही एकत्र करतात. पोलादाला टनामागे साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ५०० टन. काँक्रीट १३० टन. पात्यांचं मटेरियल टनाला पाच धरा, १५० टन. बाकी सगळ्याला २५० टन. एकूण हजार टनांच्या जरा वर. वीस वर्षांत चक्की साडेदहा कोटी युनिट देते, भागाकार केला की युनिटला दहा ग्रॅमच्या आसपास येतं. आयपीसीसी म्हणजे हवामानबदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, तिच्या २०१४ च्या अहवालात सगळे अभ्यास एकत्र करून मधला आकडा दिलाय तो जमिनीवरच्या चक्कीसाठी ११ ग्रॅम आणि समुद्रातल्यासाठी १२ ग्रॅम, कोळशासाठी ८२० आणि गॅससाठी ४९०. म्हणजे आपला बोटांवर केलेला हिशोब आणि या अभ्यासांचा निष्कर्ष जवळजवळ जुळतात. त्याच अहवालात जमिनीवरच्या चक्कीची रेंज ७ ते ५६ दिलीय, आणि ५६ वाल्या सुद्धा कोळशाच्या पंधराव्या हिश्श्यात आहेत.

पण कार्बनची फेड किती दिवसांत होते हे चक्कीवर कमी आणि ती कुठल्या ग्रिडला जोडली यावर जास्त ठरतं. ग्रिडमध्ये कोळसा जास्त असेल आणि प्रत्येक युनिट ७०० ग्रॅम वाचवत असेल तर वर्षाला ३७०० टन वाचतात, हजार टनांचं कर्ज साडेतीन महिन्यांत फिटतं. तीच चक्की तुम्ही जलविद्युत किंवा अणुवीज भरपूर असलेल्या ग्रिडला जोडली, जिथे युनिटमागे ५० ग्रॅमच सुटतात, तर वर्षाला वाचतात २६० टन आणि फेडायला चार वर्षं लागतात. ऊर्जेची फेड दोन्हीकडे तेवढीच, आठ महिने, पण कार्बनची साडेतीन महिने की चार वर्षं हा फरक छोटा नाही. म्हणून कुणी मला "कार्बन पेबॅक किती?" असं विचारलं की मी आधी उलट विचारते की ही वीज कुणाची जागा घेणार आहे.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. लोक पोलादाच्या टनांवर भांडतात, पण भागाकारात वरचा आकडा फारसा हलत नाही, खालचा हलतो. पोलाद २५० टनांऐवजी २७५ टन लागलं तर फेड बारा-एक दिवसांनी लांबेल. वारा कमी निघाला तर महिन्यांनी लांबते. कारण वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ६ मीटर वाऱ्याला २१६ धरा तर ७ मीटरला ३४३, म्हणजे वेग सतरा टक्के वाढला आणि ताकद एकोणसाठ टक्के. (चक्की त्यातली सगळी घेऊ शकत नाही, जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झनं १९२० च्या सुमारास दाखवलं की कितीही चांगली चक्की वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त ऊर्जा काढू शकत नाही, आणि जोराच्या वाऱ्यात चक्की मुद्दाम पाती वळवून वारा सोडून देते, त्यामुळे वर्षभराचं उत्पादन घनाच्या प्रमाणात वाढत नाही, पण कल जोरदार असतो.) शिवाय पात्यांची लांबी दुप्पट केली की वारा पकडण्याचं क्षेत्र चौपट होतं, आणि उंचीवर वारा जास्त आणि स्थिर असतो. गेल्या तीस-चाळीस वर्षांत चक्क्या इतक्या मोठ्या का होत गेल्या त्याचं कारण हेच, मोठ्या चक्कीला सामान जास्त लागतं पण वीज त्याहून जास्त वाढते.

एका प्रकल्पावर मी हे फार जवळून बघितलंय. उभारणीआधी वारा मोजायचा मास्ट लावलेला होता, आकडे चांगले आले होते, पण जागेत जास्तीत जास्त चक्क्या बसवायच्या म्हणून त्या एकमेकींच्या फार जवळ लावल्या. साधारण नियम असा की वाऱ्याच्या मुख्य दिशेत दोन चक्क्यांमध्ये पात्यांच्या व्यासाच्या पाच ते सात पट तरी अंतर हवं, नाहीतर पुढच्या चक्कीनं ढवळलेला आणि मंदावलेला वारा मागचीला मिळतो. तिथे हे पाळलं नव्हतं आणि मागच्या रांगेतल्या चक्क्या ३० ऐवजी २२ टक्क्यांवर चालत होत्या, वर त्या खळबळीच्या वाऱ्यानं बेअरिंगही लवकर जात होती. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण ते पोलाद, ते काँक्रीट, ती पाती सगळं तेवढंच लागलं होतं आणि फक्त कागदावरची जागा चुकली म्हणून एक चतुर्थांशाहून जास्त वीज कायमची गेली. तरीही हिशोब केला तर ऊर्जेची फेड अकरा महिन्यांच्या आत होत होती. म्हणजे नीट न बसवलेली चक्कीसुद्धा मेसेजमधल्या "कधीच नाही" पासून खूप लांब होती.

देखभालही इथेच येते. पात्याचं टोक सेकंदाला ८०-९० मीटर वेगानं, म्हणजे तासाला तीनशे किलोमीटरच्या आसपास फिरतं, आणि त्या वेगाला पावसाचा थेंब खड्यासारखा लागतो. काही वर्षांनी दोर लावून उतरणारा टेक्निशियन पात्याच्या पुढच्या कडेवर हात फिरवतो तेव्हा ती गुळगुळीत कड पॉलिश पेपरसारखी खरखरीत झालेली असते, कुठे कुठे वरचा रंग जाऊन आतले काचतंतू दिसायला लागलेले असतात. एवढ्याशा खरखरीनं वर्षाचं उत्पादन एक-दोन टक्के सहज उतरतं, फार खराब झाली तर त्याहून जास्त. वेळेवर भरून, घासून, वर संरक्षक टेप किंवा कोटिंग लावलं की ते परत येतं. वीस वर्षांचा हिशोब करणाऱ्यांनी ही दुरुस्ती धरलीय की नाही ते मी नेहमी बघते.

जमीन कुठली आहे हा दुसरा मोठा प्रश्न, आणि इथे चक्कीविरुद्ध बोलणाऱ्यांचं म्हणणं कधीकधी पूर्ण खरं असतं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं न कुजता साठलेला वनस्पतींचा थर, त्याच्या एका घनमीटरमध्ये साधारण ५० किलो कार्बन असतो, तो खणून उघडा टाकला किंवा चर काढून जागा कोरडी केली की तो हळूहळू कुजून हवेत जातो आणि १८० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो. रस्ते आणि फाउंडेशनसाठी एका चक्कीमागे दहा हजार घनमीटर पीट असं गेलं तर १८०० टन झाले, म्हणजे चक्कीच्या स्वतःच्या हजार टनांपेक्षा जास्त. आयर्लंडच्या गॉलवे काउंटीतल्या डेरीब्रायनला ऑक्टोबर २००३ मध्ये ७० चक्क्यांचं काम चालू असताना डोंगरावरचं पीट घसरलं, साडेचार लाख घनमीटरच्या आसपास, ते ओढ्या-नद्यांत गेलं आणि हजारो मासे मेले. पर्यावरणावरचा परिणाम नीट तपासलाच नव्हता म्हणून प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं, २००८ ला आयर्लंडविरुद्ध निकाल लागला, तरी पुढे काही हललं नाही म्हणून नोव्हेंबर २०१९ ला ५० लाख युरो दंड आणि वर दुरुस्ती होईपर्यंत दिवसाला १५ हजार युरो, आणि २०२२ ला तो प्रकल्प कायमचा बंद करायचा निर्णय झाला. स्कॉटलंडमध्ये म्हणूनच पीटवरच्या प्रकल्पांसाठी किती कार्बन जाईल आणि किती दिवसांत फिटेल याचं ठरलेलं गणित करून द्यावं लागतं. घनदाट जंगल तोडून चक्क्या लावल्या तरी तोच प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे, खोल पीटवर चक्की लावूच नये, तेवढाच वारा असलेली दुसरी जागा शोधावी.

वारा नसतानाच्या बॅकअपबद्दल. म्हणणं असं असतं की चक्क्यांमुळे औष्णिक केंद्रांना सारखं वरखाली करावं लागतं, त्यात इंधन जास्त जळतं, म्हणजे वाचलेलं सगळं तिथेच गेलं. वरखाली केल्यानं कार्यक्षमता उतरते हे खरं आहे, यंत्रांची झीजही वाढते. पण किती, हे मोजलं गेलंय. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेनं २०१३ मध्ये तिकडच्या पश्चिमेकडच्या ग्रिडचा अभ्यास केला, त्यात वारा आणि सूर्य मिळून ३३ टक्के वीज धरली होती, आणि केंद्रं वरखाली केल्यामुळे वाढलेला कार्बन वाचलेल्या कार्बनच्या ०.२ टक्क्यांहून कमी निघाला. अर्थात वाऱ्याचा वाटा खूप वाढला की साठवण लागते, लांबच्या वाहिन्या लागतात, त्या बॅटऱ्यांचा आणि तारांचा कार्बन पूर्ण यंत्रणेच्या हिशोबात धरायलाच हवा. कधी कधी वारा असूनही ग्रिड वीज घेत नाही आणि चक्की थांबवून ठेवावी लागते, तेव्हाही फेड लांबते, आणि यात चक्कीचा काही दोष नसतो.

"चक्की स्वतःच ग्रिडची वीज खाते" आणि "गिअरबॉक्समध्ये तेल लागतं" हे दोन मुद्दे पटकन संपवते. तोंड फिरवायच्या मोटर, हायड्रॉलिक, कंट्रोल पॅनल यांना वीज लागते, ती वर्षाच्या उत्पादनाच्या एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. आणि गिअरबॉक्समधलं तेल काहीशे लिटर असतं, काही वर्षांनी बदलतात, तीनशे लिटर तेल सगळंच्या सगळं जाळलं असं धरलं तरी एखाद टन कार्बन डायऑक्साइड होईल, वर्षाला ३७०० टन वाचवणाऱ्या यंत्राच्या बाबतीत.

सल्फर हेक्साफ्लोराइडचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. स्विचगिअरमध्ये, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या यंत्रणेत, ठिणगी विझवायला हा गॅस वापरतात आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या २४ हजार पटींहून जास्त तापवतो. एका चक्कीत चार किलो असेल आणि उतरवताना तो तसाच हवेत सोडला तर जवळपास शंभर टनांएवढं नुकसान एका झटक्यात होतं. नीट काढून सिलिंडरमध्ये भरला तर काहीच नाही. युरोपीय संघानं मध्यम दाबाच्या, २४ किलोव्होल्टपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये यावर २०२६ पासून बंदी आणलीय आणि ते चांगलं झालं.

पात्यांचा कचरा. २०२० मध्ये अमेरिकेत वायोमिंगमधल्या कॅस्परच्या कचरा डेपोत कापलेली पाती शेजारी शेजारी पुरतानाचे फोटो आले आणि ते बघून वाईट वाटणं साहजिक आहे. चक्कीच्या वजनाच्या ८५ ते ९० टक्के भाग, म्हणजे पोलाद, तांबं, बिडाचे भाग, भंगारात जाऊन परत वापरात येतो, अडचण पात्यांचीच आहे कारण काचतंतू आणि इपॉक्सी एकदा चिकटले की वेगळे होत नाहीत. सध्याचा चालणारा मार्ग म्हणजे तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत घालणं, इपॉक्सी इंधनाचं काम करतं आणि काचेतली सिलिका सिमेंटमध्ये जाते. २०२१ मध्ये सीमेन्स गमेसा या चक्क्या बनवणाऱ्या कंपनीनं असं पातं आणलं ज्यातली राळ सौम्य आम्लात सुटते आणि तंतू मोकळे होतात, ती पाती जर्मनीच्या समुद्रातल्या कास्कासी प्रकल्पावर २०२२ ला लागली. पण जी लाखो जुनी पाती आज फिरतायत ती या प्रकारची नाहीत, त्यांच्यासाठी पैसे आणि जागा आत्ताच ठरवून ठेवायला हवी. पात्याच्या आत बाल्सा लाकूडही असतं आणि २०१९-२० च्या सुमारास मागणी एकदम वाढली तेव्हा इक्वाडोरमध्ये नदीकाठची बाल्साची झाडं बेकायदा तोडली गेली, हा डाग या उद्योगावर आहेच. नंतर बऱ्याच जणांनी प्लॅस्टिकच्या फोमकडे मोर्चा वळवला. तसंच गिअरबॉक्स नसलेल्या, विशेषतः समुद्रातल्या चक्क्यांच्या चुंबकांना निओडिमियम हा धातू लागतो आणि तो काढताना चीनमध्ये बाओटौजवळ माती-पाण्याची जी अवस्था झालीय ती ग्रॅम-प्रति-युनिटमध्ये दिसत नाही.

पक्षी आणि वटवाघळं तर या हिशोबात बसतच नाहीत, मेलेल्या गरुडाची फेड महिन्यांत होत नाही. इतकंच सांगते की उपाय आहेत, नॉर्वेच्या स्म्योला बेटावर चार चक्क्यांचं तीनपैकी एक पातं काळं रंगवलं तर तिथे मरणारे पक्षी सुमारे ७२ टक्क्यांनी घटले (चक्क्या थोड्याच होत्या, म्हणून आणखी ठिकाणी करून बघायला हवं), आणि वटवाघळांच्या हंगामात रात्री कमी वाऱ्याला चक्की थांबवून ठेवली तर मृत्यू निम्म्यानं कमी होऊ शकतात आणि वीज फार थोडी जाते.

आयुष्य किती धरायचं, हाही मोठा आकडा आहे. जगातला पहिला समुद्रातला पवन प्रकल्प डेन्मार्कमध्ये विंडेबीला १९९१ ला सुरू झाला, ४५० किलोवॅटच्या ११ चक्क्या, २५ वर्षं चालून २०१७ ला उतरवला. डेन्मार्कमध्येच त्विंदला १९७८ मध्ये लोकांनी स्वतः उभी केलेली मोठी चक्की चाळीस वर्षांनंतरही चालू होती. वीसऐवजी तीस वर्षं चालली तर थोडे सुटे भाग वाढतात पण युनिटमागचा कार्बन जवळजवळ एक तृतीयांशानं उतरतो. म्हणून पंधरा वर्षांची ठणठणीत चक्की फक्त मोठी बसवायची म्हणून उतरवताना आधी हिशोब करावा असं मला वाटतं, बऱ्याचदा तरीही मोठीच बसवणं फायद्याचं निघतं, पण जुनी दुसरीकडे चालवता आली तर आणखी बरं.

कुठल्याही कंपनीचा अहवाल हातात आला तर मी आधी या गोष्टी शोधते: सीयूएफ किती धरलाय, वारा कुठल्या वर्गाचा, आयुष्य वीस की तीस वर्षं, आणि शेवटी भंगारात जाणाऱ्या पोलादाचं श्रेय आजच जमा केलंय का, म्हणजे ते परत वापरल्यानं पुढे जे वाचेल ते आत्ताच खर्चातून वजा केलंय का. या शेवटच्या एका गोष्टीनं आकडा बराच खाली येतो आणि ती सहसा मागच्या पानांत असते. आयएसओ १४०४४ (असे हिशोब कसे करायचे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे बाहेरच्या माणसानं तपासलेला अहवाल असेल तर विश्वास ठेवायला हरकत नाही. स्वतंत्र अभ्यासही भरपूर आहेत, २०१० मध्ये ५० अभ्यासांतल्या ११९ चक्क्या एकत्र करून बघितल्या तेव्हा प्रत्यक्ष चालू असलेल्या चक्क्यांमध्ये घातलेल्या ऊर्जेच्या सरासरी वीस पट ऊर्जा परत येताना दिसली, आणि त्यातल्या बऱ्याच तर आजच्यापेक्षा खूप लहान होत्या.

राहिली छपरावरची छोटी चक्की. इथे मात्र मेसेजमधलं "कधीच नाही" खरं ठरू शकतं. इमारतींमुळे वारा मंदावतो, भोवरे होतात, उंची नसते आणि पाती लहान, म्हणजे वर सांगितलेली प्रत्येक गोष्ट उलटी. ब्रिटनमध्ये वॉरिक विंड ट्रायल्स नावानं इमारतींवरच्या २६ चक्क्या मोजल्या, २००९ ला निकाल आला, आणि बंद ठेवलेला वेळ धरून सरासरी सीयूएफ एक टक्क्याच्याही आत होता, काहींची वीज तर त्यांच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सलाच जेमतेम पुरत होती. त्यामुळे छपरावर जागा असेल तर सोलर पॅनल लावा. छोटी चक्की लावायचीच असेल तर ती उघड्या माळावर, आजूबाजूच्या झाडा-घरांपेक्षा निदान दहा मीटर उंच टॉवरवर, आणि घेण्याआधी त्याच उंचीवर वर्षभर वारा मोजून मगच.